डबा रिकामा परत करायचा नाही

महाप्याच्या तिसऱ्या मजल्यावर
ऑगस्टातच दिवाळी सुरू होते.
खिडकीबाहेर ट्रकांची रांग, केमिकलचा वास,
आणि माझ्या स्क्रीनवर
गेल्या वर्षीचेच आकाशकंदील,
निळ्याचे केशरी केलेले.

शंभर राक्षस मारा, शंभर मोहरा मिळवा.
डिसेंबरात याच राक्षसांना लाल टोपी,
शिमग्यात तोंडाला रंग,
की झाला सण.
भूपेश म्हणतो, चालतंय की, आकडे बघ.
बघते.
पाचव्या दिवशी लोक गेममध्ये येतात
आणि हजेरी लावून जातात,
लांबच्या नात्यातल्या सत्यनारायणाला
दारातच प्रसाद घेऊन निघावं तसे.

मागच्या वर्षी एक पत्र आलं,
चौसष्टाव्या पातळीवरच्या कुणा 'खाडीपार'चं:
मॅडम किंवा सर,
मी घणसोलीत एटीएमवर रात्रपाळीला असतो.
तुमची दिवाळी अठ्ठेचाळीस तासांची,
त्यातले छत्तीस मी ड्युटीवर.
कंदील राहिला. पुढच्या वर्षी जरा बघा.
एवढंच. एक शिवीसुद्धा नाही.

मला आठवला ऐरोलीचा जिना.
आई फराळाचा डबा देऊन धाडायची
शेजारी, ठोंबरेकाकूंकडे.
काकू डबा धुवायच्या, पुसायच्या,
मग आत बराच वेळ थांबायच्या.
रिकामा कसा द्यायचा?
काकांची रबाळ्याची कंपनी बंद पडली त्या वर्षी
डब्यात मूठभर साखर आली.
आईने तिचा चहा केला
आणि 'काय गोड झालाय गं' असं
जरा मोठ्यानेच म्हणाली.
मधली भिंत पातळ होती.

तर मी नियम लिहिला.
राक्षस नाहीत.
प्रत्येकाला एक डबा, स्वतःचा स्वतःला न उघडणारा.
भरायचा, कुणालातरी द्यायचा.
आलेला रिकामा परत करायचा नाही;
आत काय घालावं ते ज्याचं त्याने बघावं.
मुदत:
इथे कर्सर लुकलुकत राहिला.

घाई नसेल तर खेळेल कोण, भूपेश म्हणाला.
मी भाऊबीज लिहिली. नोकरी आहे.
कोड लिहिणारा निकेत घरत गोठिवलीचा,
त्याने खाली गुपचूप एक ओळ जोडली:
वाटेवरचा डबा पुसू नये.
विचारलं तर म्हणाला,
कुणाच्यातरी हातात असेल ना तो.

आकडे काही चढले नाहीत.
नरकचतुर्दशीला तर पडलेच.
पण डब्यांत निघाली मोडकी तलवार, सुके बोंबील,
नदीकाठचा गोटा,
नवख्या पोराला कुणीतरी दिलेली
आपली एकुलती एक ढाल.
भूपेशने तक्ता पाहिला, हं म्हणाला,
आणि नाताळच्या टोप्या मागवल्या.

फाल्गुनात बग नोंदला गेला,
क्रमांक चार हजार एकशे अठरा:
दिवाळीचा एक डबा अजून फिरतोय.
मी माग काढला. एक्केचाळीस हात.
शेवटून दुसरा 'खाडीपार',
पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी आला,
सहाला, पाळी सुटताना, पुढे गेला.
आत काय आहे ते मला बघता येतं,
तेवढे अधिकार आहेत.
नाही बघितलं.

बंद करतेस ना हा बग?
हो, म्हणाले, आणि लिहिलं: पुन्हा तपासावे.

घरी फडताळात मागच्या बाजूला
स्टीलचा एक डबा आहे, झाकणावर
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: सौ. कुंदा ठोंबरे.
त्या उलव्याला राहायला गेल्या त्याला
अकरा वर्षं झाली.
दर दिवाळीला मी तो काढते, घासते,
आणि स्वयंपाकघरात उभी राहते बराच वेळ.